खिशांतील अडगळ

रत्नागिरीसारख्या पावसाळी मुलुखांत आगोटीचे दिवस जवळ आले कीं प्रत्येक जुन्या घराची झाडाझडती होते. माळ्यावरचें सामान खालीं येतें, बेगमीचे डबे रिकामे होऊन उन्हांत तापतात, आणि फुटक्या कौलांचा, तुटक्या पाळण्याचा व कधीं तरी लागतील म्हणून ठेविलेल्या छत्रीच्या काड्यांचा निकाल लागतो. कांहीं वस्तु फेंकल्या जातात, कांहीं पुनः माळ्यावर चढतात. हें काम घरांतील वडील बाईमाणसाच्या देखरेखीखालीं चालतें. कारण कोणती वस्तु कोणाची व कशासाठीं ठेविली आहे हें तिलाच ठाऊक असतें. परंतु आज घरांतील सर्वांत अधिक सामान ज्या माळ्यावर सांठलें आहे तो माळा खिशांत असतो, आणि त्याची झाडाझडती मात्र आपण घरांतील सर्वांत लहान माणसाच्या हातीं सोंपवून मोकळे होतों.

"फोन भरला" ही तक्रार आतां घरोघर ऐकूं येते, व ती बहुधा वडील माणसांचीच असते. ह्याचें कारण एकत्र कुटुंबाच्या रीतींतच आहे. नवा स्मार्टफोन मिळवत्या मुलाकडे येतो. त्याचा जुना कॉलेजांत जाणाऱ्या मुलीकडे जातो. आणि तिनें टाकलेला, ३२ गिगाबाइटांचा, कोपऱ्यावर कांच तडकलेला फोन आजीच्या किंवा आजोबांच्या वाट्याला येतो. जुन्या पातळाची गोधडी व्हावी तसाच हा क्रम आहे, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. पण त्या ३२ गिगाबाइटांपैकीं बराच भाग फोनच्या मूळ प्रणालीनें व कारखान्यांतूनच घालून दिलेल्या ॲप्सनीं आधींच अडविलेला असतो. उरलेली जागा भरली म्हणजे प्रथम फोटो निघेनासा होतो, मग आलेलीं चित्रें उतरेनाशीं होतात, आणि पुढें जें होतें त्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं: ॲप्सच्या व मूळ प्रणालीच्या सुधारलेल्या आवृत्त्या फोनांत शिरूं शकत नाहींत. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या ह्याच वाटेनें येत असतात. मग बँकेचें ॲप एके दिवशीं नवी आवृत्ति घ्या म्हणून अडून बसतें, आणि ती घेण्यास जागा नसते. तेव्हां जागा मोकळी करणें ही नुसती टापटिपीची बाब राहिलेली नाहीं. (ॲप ह्या शब्दास "अनुप्रयोग" असा प्रतिशब्द कागदावर आहे, बोलण्यांत तो अजून आलेला नाहीं, म्हणून मी ॲपच म्हणतों.)

जागा खाणारे कोण, ह्याचा शोध मात्र नीट घ्यावा लागतो. अमेरिकेंतील वॉल स्ट्रीट जर्नल ह्या वृत्तपत्रानें जानेवारी २०१८ मध्यें भारतांतील फोनांविषयीं एक वृत्तान्त छापला होता. सांठवणीचीं साधनें करणाऱ्या वेस्टर्न डिजिटल ह्या कंपनीच्या आधारें त्यांत असें म्हटलें होतें कीं, भारतांत दर तीन फोनधारकांपैकीं एकाची जागा रोजच्या रोज संपते. अमेरिकेंत हेंच प्रमाण दहांत एक असें होतें. आणि ह्याचें एक मोठें कारण काय, तर सूर्योदयापूर्वींच निघणारीं सुप्रभाताचीं चित्रें! गुलाबाचें फूल, वाफाळलेला चहा, कोपऱ्यांत गणपति, आणि खालीं एखादें सुभाषित, ज्यांतील व्याकरणाच्या चुका मोजण्याचा मोह आमच्यासारख्या मास्तराला आवरत नाहीं. गूगल कंपनीनें ५ डिसेंबर २०१७ रोजीं नवी दिल्ली येथें "फाइल्स गो" नांवाचें सफाईचें जें ॲप प्रसिद्ध केलें, त्यांत अशीं चित्रें ओळखून एकत्र काढून दाखविण्याची सोय करण्यांत आली. पुढें त्याच्या नांवांतील "गो" गेला, आणि आज पुष्कळ फोनांत तें मुळापासूनच असतें. व्हॉट्सॲपनेंही नोव्हेंबर २०२० मध्यें आपल्या सेटिंग्जमध्यें सांठा पाहण्याची नवी सोय दिली. पांच मेगाबाइटांहून मोठ्या फायली व अनेकदां पुढें ढकललेले निरोप तेथें वेगळे काढलेले आढळतात. तेथें अर्धा तास बसलें तर जी जागा मिळते ती पुष्कळदां दहा ॲप्स काढूनही मिळत नाहीं. आलेलें प्रत्येक चित्र आपोआप उतरवून घेण्याची मोकळीक फोनला दिलेली असते, तीही त्याच बैठकींत काढून घ्यावी.

एवढें करून भागलें नाहीं म्हणजे ॲप्सकडे वळावें लागतें, व येथें सावकाशपणा हवा. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यांतील आपल्या खात्याच्या चिन्हावर बोट ठेवावें आणि ॲप्सच्या व्यवस्थेचें सदर निवडावें, कीं फोनांतील सर्व ॲप्सची यादी समोर येते. सर्वांत कमी वापरलेलें आधीं, अशा क्रमानेंही ती लावतां येते. घरांतला नातू हीच यादी उघडतो, वरून खालीं खुणा करीत जातो, एक कळ दाबतो, आणि दोन मिनिटांत तीन गिगाबाइट मोकळे झाल्याची वार्ता आजीला देतो. आजी त्याच्या हातावर लाडू ठेवते. ही पद्धति जलद खरी, पण ती एकच गोष्ट विचारते: वस्तु शेवटची केव्हां वापरली? ह्या कसोटीला लग्नांतला शालू उतरणार नाहीं, आणि विम्याचा कागद तर मुळींच नाहीं.

आमच्या आळींतील एका घरची हकीकत आहे. त्या घरच्या वृद्ध काकू २०२२ सालीं वारल्या. मंगळागौरीचीं गाणीं व जात्यावरच्या ओव्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि त्या हयात असतांना त्यांच्या धाकट्या जावेनें दोन-तीन दुपारीं समोर बसून तें सारें आवाज टिपणाऱ्या एका ॲपमध्यें म्हणवून घेतलें होतें. काकू गेल्यावर तें ॲप कोणी उघडलें नाहीं. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकण्यास मन लवकर धजत नाहीं. मध्यंतरीं फोन भरला, घरांतील मुलानें यादी लावली, आणि कित्येक महिने कोणी न उघडलेलें तें ॲप यादीच्या अगदीं माथ्यावर होतें, तें गेलें. काकूंचें दुसरें वर्षश्राद्ध आलें तेव्हां जाऊबाईंना तो आवाज ऐकावासा वाटला. त्या ॲपनें आपलीं ध्वनिमुद्रणें स्वतःच्याच खणांत ठेविलीं होतीं, आणि ॲप काढलें म्हणजे त्याचा खणही फोन पुसून टाकतो. दुसरीकडे कोठेंही प्रत नव्हती. मुलगा रडवेला झाला. त्याला घरांत कोणी टाकून बोललें नाहीं, तें योग्यच झालें. यादीनें सांगितलें तेवढें त्यानें ऐकलें, आणि जें यादीला ठाऊक नव्हतें तें सांगूं शकणारें माणूस त्या वेळीं शेजारच्या खोलींत वाती वळीत बसलें होतें.

तेव्हां ॲप काढण्यापूर्वीं निराळाच प्रश्न विचारला पाहिजे: ही वस्तु कोठार आहे, कीं नुसतें दार आहे? बँकेचें ॲप हें दार आहे. पैसे फोनांत नसतात. विजेचें बिल भरण्याचें, रेल्वेचें तिकीट काढण्याचें, गॅस नोंदविण्याचें, हीं सारीं दारेंच. सरकारनें २०१५ सालीं सुरू केलेलें डिजिलॉकर घ्या. चिपळुणास २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी शिरलें तेव्हां कितीएक घरांचे कागद चिखलांत गेले. परंतु ज्यांचें वाहनाचें लायसन्स किंवा मुलांचीं गुणपत्रकें डिजिलॉकरमध्यें होतीं, त्यांचा फोन पुरांत वाहून गेला असता तरी तीं शाबूत राहिलीं असतीं, कारण तीं फोनांत नव्हतींच. असें दार काढून टाकलें तर नव्यानें बसवावें लागेल एवढीच तोशीस. काढतांना मनास खंत वाटूं देऊं नये.

कोठाराची गोष्ट अशी नाहीं. आवाज टिपणारें ॲप, खातें न उघडतां वापरलेली टिपणवही, घरखर्चाचा हिशेब ठेवणारें ॲप ह्यांतील माल बहुधा फोनांतच असतो. व्हॉट्सॲपची प्रत दुसरीकडे ठेविली जात नसेल तर तेंही कोठारच. आणि ती प्रत गूगलच्या खात्यांत जात असेल तर तेथेंही आतां जागेची मोजदाद आहे. पूर्वीं ही प्रत फुकट मिळणाऱ्या १५ गिगाबाइटांत धरली जात नसे. २०२४ च्या सुमारास ती अँड्रॉइड फोनांवर धरली जाऊं लागली. अशा ॲपला हात लावण्यापूर्वीं आंतला माल बाहेर काढून संगणकावर किंवा घरांतील दुसऱ्या एखाद्या फोनांत ठेवावा, तो तेथें उघडतो कीं नाहीं हें उघडून पाहावें, आणि मगच कोठार पाडावें. येथें आणखी एका घोंटाळ्याची सूचना देतों. ॲपच्या माहितीच्या पानावर दोन कळा शेजारीं शेजारीं असतात. एक कॅशे साफ करण्याची व दुसरी सर्व सांठा साफ करण्याची. कॅशे म्हणजे पाटीवर केलेलें कच्चें गणित. तें पुसलें तरी उत्तर वहींत असतें. दुसरी कळ वहीच फाडते.

कांहीं ॲप्स मात्र ह्या दोहोंतही बसत नाहींत. तीं आपण उघडावीं अशी अपेक्षाच नसते. कोंकणांतल्या गांवाचा राखणदार जसा कोणाला दिसत नाहीं, पण वेशीवर असतो असें मानतात, तशीं हीं असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलेलें "दामिनी" हें ॲप आपल्या आसपास, सुमारें वीस ते चाळीस किलोमीटरांच्या आंत, वीज पडत असली तर सूचना देतें. रत्नागिरीच्या शेतांत, आंब्याच्या बागेंत किंवा होडीवर काम करणाऱ्या माणसाला ह्याचें महत्त्व सांगावयास नको. वीज आपल्याकडे मुख्यतः वैशाखाच्या वळवांत व पाऊस परततांना आश्विनांत कडाडते. दिवाळीपासून चैत्रापर्यंत हें ॲप कोणी उघडीत नाहीं, आणि बरोबर त्याच सुमारास यादी त्याला निरुपयोगी ठरविते.

येथें एक गोष्ट अशी आहे कीं ती फार थोड्या घरीं ठाऊक असेल. आपण ॲप काढलें नाहीं तरी फोन आपण होऊन त्याला झोंपवूं शकतो. २०२० सालच्या अँड्रॉइड ११ पासून, कांहीं महिने न उघडलेल्या ॲपला दिलेल्या परवानग्या फोन परत घेऊं लागला. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून तर अशा ॲपला निजवून ठेवण्याची रीत आली, मग तें पाठीमागें काम करूं शकत नाहीं व त्याच्या सूचनाही येत नाहींत. खेळांच्या बाबतींत ही रीत उत्तम. दामिनीच्या बाबतींत तिचा अर्थ असा कीं, पहिला वळीव कडाडतो तेव्हां राखणदार झोंपेंत असतो, आणि घरधनी मात्र आपल्याकडे तें ॲप आहे म्हणून निश्चिंत! ॲपच्या माहितीच्या पानावर, न वापरल्यास त्याचें काम थांबवावें अशा अर्थाची एक कळ असते; राखणदार ॲप्ससाठीं ती बंद ठेवावी, आणि आगोटीपूर्वीं एकदां तें उघडून स्थळ जाणण्याची परवानगी जागेवर आहे ना, हें पाहावें.

आम्हां निवृत्तांच्या फोनांत आणखी एक असाच न दिसणारा सेवक असतो. हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची "जीवन प्रमाण" ही योजना नोव्हेंबर २०१४ मध्यें निघाली, आणि नोव्हेंबर २०२१ पासून तो चेहरा दाखवूनही देतां येऊं लागला. त्यासाठीं दोन ॲप्स लागतात, एक जीवन प्रमाणाचें आणि दुसरें "आधार फेस आरडी". ह्या दुसऱ्यांत उघडून पाहण्यासारखें कांहींच नाहीं. पहिल्यानें हांक मारली म्हणजे ओ देणें एवढेंच त्याचें काम, आणि तेंही वर्षांतून एकदां. नातवाला तें कचरा वाटावें ह्यांत नवल तें काय? काढलें तरी पुनः घेतां येतें हें खरें. पण पुनः घेण्यास जाळें हवें, व आपल्याकडे जाळ्याचा भरंवसा ऋतूवर अवलंबून असतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली व मंडणगड ह्या भागांत वीज व फोन कित्येक दिवस बंद होते, तें तेथील लोक विसरलेले नाहींत.

आतां जें खुशाल काढावें त्याविषयीं. सर्वांत आधीं, तुमचा फोन दुरून दुसऱ्याला हाताळूं देणारें ॲप शोधावें. "एनीडेस्क" सारखीं अशीं ॲप्स खऱ्या कामासाठींच केलेलीं आहेत, परंतु बँकेंतून बोलतों असें सांगणारे भामटे तींच घ्यावयास लावून खातीं रिकामीं करतात. रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच ह्याविषयीं बँकांना सावध केलें होतें. तें कोणीं घातलें व कशासाठीं, हें घरांत कोणासच सांगतां येत नसेल तर त्याला एक क्षणही थारा देऊं नये, मग तें जागा कितीही थोडी खावो. टाळेबंदीच्या काळांत मुलांच्या वर्गांसाठीं घेतलेलीं तीन-चार ॲप्स, एकदांच सामान मागविलेल्या दुकानांचीं ॲप्स, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेसाठीं घेतलेलें चित्रांचें ॲप, भरतीच्या एका जाहिरातीपायीं घेतलेलें कसलें तरी ॲप: ह्यांना विचारण्याचेंही कारण नाहीं. सरकारनें २९ जून २०२० रोजीं टिकटॉक धरून ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यांपैकीं कांहींचीं कलेवरें जुन्या फोनांत अद्याप पडून असलेलीं दिसतात. कारखान्यांतून आलेलीं कांहीं ॲप्स मात्र निघतच नाहींत. तीं निष्क्रिय करून ठेवावीं. थोडी जागा सुटते.

काढावें कीं न काढावें असा संशय असेल तेथें तिसरा मार्गही आहे. एप्रिल २०२३ मध्यें गूगलनें ॲप "संग्रहित" करण्याची सोय जाहीर केली. तीत ॲपचा बहुतेक भार उतरविला जातो, कंपनीच्या सांगण्याप्रमाणें साठ टक्क्यांच्या जवळपास, पण चिन्ह व आंतला आपला माल जागेवर राहतो. चिन्हावर बोट ठेविलें कीं ॲप परत येतें. आयफोनमध्यें अशीच व्यवस्था २०१७ पासून आहे. वडील माणसांच्या फोनांत मला हाच मार्ग बरा वाटतो, कारण त्यांत चिन्हाची ओळखीची जागा बदलत नाहीं, आणि पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला फोन चालविण्यांत अर्धा आधार त्या जागेचाच असतो.

संस्कृत शिकलेल्या माणसाला ह्या काढण्याच्या प्रकरणांत पाणिनीचा लोप आठवल्यावांचून राहत नाहीं. पाणिनीच्या मतें लोप म्हणजे नाश नव्हे. असलेली वस्तु न दिसणें, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय प्रत्यय लुप्त झाला तरी त्याच्यामुळें होणारें कार्य पुढें चालूच राहतें, असेंही तो सांगून ठेवतो. फोनांत हें अक्षरशः घडतें. चिन्ह दाबून धरलें कीं पुष्कळ फोनांत दोन पर्याय येतात, एक पडद्यावरून हटविण्याचा व दुसरा अनइन्स्टॉल करण्याचा. पहिल्यानें वस्तु दिसेनाशी होते, जागा तसूभरही सुटत नाहीं, आणि मग "काढलें तरी फोन भरलेलाच" अशी तक्रार येते. दुसऱ्यानें ॲप खरोखर जातें, परंतु त्याचें कार्य राहतें. तुमचें खातें, तुमचा पत्ता, तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर त्या कंपनीकडे जेथें गेले होते तेथेंच असतात. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सच्या बाबतींत हें पुष्कळ घरांना कटु अनुभवानें कळलें. कर्जदाराच्या फोनांतील नंबर उचलून त्याच्या नातलगांना धमकावण्याचे प्रकार झाले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनें २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, कर्जाच्या ॲप्सनीं फोनांतील फायली, नंबरांची यादी व कॉलांची नोंद ह्यांस हात लावूं नये असें घातलें. तथापि जें एकदां उचललें गेलें तें ॲप काढल्यानें परत येत नाहीं.

म्हणून जेथें आपण नांव-पत्ता देऊन खातें उघडलें आहे, तेथें आधीं ॲपच्या आंत जाऊन खातें मिटवावें आणि मग ॲप काढावें. खातें उघडूं देणाऱ्या प्रत्येक ॲपनें तें मिटविण्याचीही सोय ठेविली पाहिजे, असा नियम ॲपल कंपनीनें २०२२ पासून लागू केला व गूगलनें २०२३ मध्यें जाहीर केला. तेव्हां ती कळ शोधल्यास सांपडते, जरी ती चांगली तीन पानें आंत दडविलेली असते. महिन्याच्या वर्गणीचेंही तसेंच. ॲप काढल्यानें वर्गणी थांबत नाहीं. प्ले स्टोअरमधून घेतलेली असेल तर तेथील पैशांच्या व वर्गण्यांच्या सदरांत जाऊन ती रद्द करावी लागते. आणि यूपीआयनें दरमहा आपोआप पैसे कापले जाण्याची जी अनुज्ञा २०२० पासून देतां येते, ती ज्या ॲपवरून दिली असेल तेथें "ऑटोपे" ह्या नांवाखालीं तिची नोंद असते. पैसे देण्याघेण्याचें ॲप काढावयाचें ठरलें असेल तर ती नोंद घरांतील दोघांनीं मिळून आधीं वाचावी, नको त्या अनुज्ञा रद्द कराव्या, आणि मग नातवाला हांक मारावी.